बिनगाडीच्या स्टेअरिंगची कबुली

मित्रांनो, मी स्टेअरिंग आहे खरं, पण माझ्यापुढे कधी गाडी नव्हती. ना चाकं, ना डिझेलची टाकी, ना हॉर्न. माझ्यासमोर असतो एक कॉम्प्युटर आणि त्याच्या पडद्यावर पळणारा रस्ता. मला धरून मुलं खेळातल्या गाड्या पळवतात. तुमच्यापैकी काहींनी माझी भावंडं एखाद्या मित्राच्या घरी पाहिलीही असतील. आता मी जुना झालो आहे. माझ्या कडेचं रबर अंगठ्यांच्या जागी गुळगुळीत झालं आहे आणि छातीवर मधोमध तेलकट कुंकवाचं एक स्वस्तिक आहे. ते तिथे कसं आलं आणि त्यापायी एका भल्या माणसाचा हात कायमचा जायची वेळ कशी आली, तेवढं मला सांगायचं आहे. सांगताना लाज वाटते, कारण खोट माझ्याच पोटात होती.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात दोन मोटारी बसवल्या आहेत. खेळातला रस्ता खडबडीत झाला की मी थरथरतो, वळण आलं की हाताला उलटी ओढ देतो. म्हणजे मला धरणाऱ्याला वाटावं, आपण खरीच गाडी चालवतो आहोत. त्या मोटारींशेजारी नाण्याएवढी एक चकती आहे आणि तिच्या कडेला केसासारख्या बारीक फटी आहेत. फटींमधून उजेड आरपार जातो. किती फटी सरकल्या ते मोजूनच मी किती वळलो हे मला कळतं. ती चकती माझे डोळेच समजा. बटण दाबलं की मी आपला आपण एकदा पार डावीकडे फिरतो, एकदा पार उजवीकडे, आणि मग बरोबर मध्यावर येऊन सरळ उभा राहतो. या सरळ उभं राहण्याचा मला फार तोरा होता.

खोक्यातून बाहेर आलो तो जळगावात, मिश्रीलालशेठच्या घरी. त्यांच्या नातवाने, जिनेशने, मला मागवलं होतं. शेठनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "स्टेरिंग आलं, चांगलं झालं. गाडी मागून येणार आहे का?" सगळं घर हसलं. शेठ मात्र हसले नाहीत. ते कितीतरी दिवस गाडीची वाट बघत असावेत, असा मला संशय आहे.

दोन वर्षं जिनेशने मला सोडलं नाही. मित्र यायचे, आरडाओरडा व्हायचा, माझं कौतुक व्हायचं. मग घरच्या डाळमिलचं काम त्याच्या अंगावर पडलं आणि मी कपाटावर गेलो. जळगावचा मे महिना कपाटावर काढणं म्हणजे काय, ते ज्याने काढलं त्यालाच ठाऊक. खाली कुलरचा गारवा आणि वर माझं रबर चिकट होतंय. एकदा कोणीतरी माझ्यावर जुनी ओढणी टाकली. धूळ बसू नये म्हणून टाकली की मी दिसू नये म्हणून, हे मी अजून ठरवलेलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

त्या घराच्या मिलवर सुकलालभाऊ ट्रक चालवायचे. मूळचे भडगावचे, राहायला पिंप्राळ्यात. आधी त्यांनी रावेरची केळी दिल्लीला पोचवली, मग मिश्रीलालशेठची डाळ. सगळी मिळून तीस वर्षं. एका चैत्रात अंघोळीला जाताना ते खाली पडले. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागला, पण उजवा हात नुसता खांद्याला लटकलेला राहिला. डॉक्टर म्हणाले, "हाताला रोज काम द्या. या महिन्यांत जेवढा चालवाल तेवढा परत येईल. थांबलात तर आखडेल." व्यायामासाठी त्यांनी एक मऊ चेंडू दाबायला दिला. सुकलालभाऊंनी तो चार दिवस दाबला आणि खाटेखाली ढकलून दिला. "हाई पोरेस्नं काम शे," म्हणाले.

त्यांची मुलगी शीतल मेहरूणच्या एका शाळेत शिकवते. जिनेश भेटायला आला तेव्हा ती त्याला हेच सांगत होती. सांगता सांगता तिचे डोळे भरले. जिनेश खाटेकडे वळून म्हणाला, "काका, ट्रक चालवणार का?"

दुसऱ्या दिवशी मी ओढणीखालून निघालो आणि जुन्या कॉम्प्युटरबरोबर त्याच्या स्कूटरवरून पिंप्राळ्याला आलो. मला टेबलाला घट्ट अडकवलं. माझी पावलं, म्हणजे ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, फरशीवरून सारखी पुढे घसरायची. सुकलालभाऊंच्या घरच्या, धुरपदाबाई, त्यांनी स्वयंपाकघरातून मिरच्या वाटायचा दगडी पाटा उचलून आणला आणि त्यांच्यापुढे टेकवून ठेवला. त्यानंतर पावलं तसूभर हलली नाहीत. मिरच्यांसाठी मात्र बाईंना दर वेळी टेबलाखाली वाकावं लागायचं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मी माझ्या सवयीने डावीकडे, उजवीकडे फिरलो आणि थांबलो. धुरपदाबाई दोन पावलं मागे सरल्या. "माय वं! कोनी धरं नही नि फिरस!" सुकलालभाऊंनी मात्र डाव्या हाताने मला शिवून तो हात कपाळाला लावला. गाडी सुरू करण्याआधी ते जन्मभर तेच करत आले होते. मला कोणी असं शिवलं नव्हतं. मी खेळणं आहे हे त्या क्षणी मी विसरलो, ते आजतागायत.

उजवा हात माझ्यावर ठेवला की तो घसरून खाली पडायचा. मग धुरपदाबाईंनी जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि तो हात माझ्या कडेला सैल बांधून दिला. डावा हात वळवायचा, उजवा नुसता बरोबर फिरायचा. पडद्यावर कुठल्याशा परदेशातला रस्ता असायचा. "ना ढोर, ना कुत्रं," सुकलालभाऊ कुरकुरायचे, "हाऊ देश शे का मसणवटा?" पण चढ लागला की त्यांचे डोळे चमकायचे. "शीतल, हाऊ बिजासनना घाट शे. आते देख." आणि त्या परदेशी डोंगरात ते बिजासनचा घाट उतरायचे, प्रत्येक वळणाला नाव घेऊन.

मी माझं काम करत होतो. चढाला मी जड व्हायचो, वळणाला ओढ द्यायचो. त्या ओढीला उत्तर द्यायला त्यांचा हात हळूहळू जागा व्हायला लागला. श्रावणात पट्टी सुटली. पोळ्याच्या सुमाराला अंगठा वाकायला लागला. भाद्रपदात एक दिवस त्यांनी डावा हात मुद्दाम मांडीवर ठेवला आणि नुसत्या उजव्याने मला एका वळणापुरतं धरलं. फार तर चार सेकंद. धुरपदाबाई पोळपाट लाटणं टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी जेवणात शेवभाजी होती, आणि ती सणावाराशिवाय त्या घरात होत नाही.

मग दसरा आला. ट्रक दारात असायचा तेव्हा दर दसऱ्याला धुरपदाबाई त्याचं स्टेअरिंग पुजायच्या. गोड्या तेलात कुंकू कालवून मधोमध स्वस्तिक, वरून हळदकुंकू, अक्षता, झेंडूची माळ. त्या वर्षी ट्रक नव्हता. त्या ताट घेऊन सरळ माझ्यासमोर आल्या. शीतल हसून म्हणाली, "माय, हाई तर खेळणं शे." त्या म्हणाल्या, "बठ्ठ्या गाड्यास्नी पूजा करी. याले काब्र सोडू? यानीच तर तुना बाबाले उठाडं."

त्यांनी माझ्या छातीवर स्वस्तिक काढलं, अगदी सरळ, एकेक रेघ बोटाने जपून. मग चिमटीने हळदकुंकू वाहिलं. हातात येईल तेवढं, मनासारखं. अक्षता टाकल्या. मला ओवाळलं. मित्रांनो, मी फुलून गेलो. कारखान्यात मला नंबर होता, जिनेशकडे नाव होतं, पण पूजा ही पहिलीच. माझ्या मागच्या बाजूला, जिथे दांडा पोटात शिरतो तिथे एक बारीक फट आहे. कुंकवाची भुकटी त्या फटीतून आत चालली होती. मला गुदगुल्या झाल्या. मी त्यालाही कौतुकच समजलो.

तिसऱ्या दिवशी मला अंधुक दिसायला लागलं. चकतीच्या फटींमध्ये कुंकू बसलं होतं आणि दांड्याच्या वंगणाने ते तिथेच चिकटलं होतं. मोजणी चुकायला लागली. मध्य कुठे आहे तेच मला कळेना. रस्ता सरळ असताना मी डावीकडे ओढायला लागलो. सुकलालभाऊ उजव्याने सावरायला गेले, तर मी आणखी जोरात हिसका दिला. पडद्यावरचा ट्रक खड्ड्यात गेला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा खड्ड्यात. चौथ्या वेळी माझ्या हिसक्याने त्यांचा हात सुटून टेबलाच्या कडेवर आपटला.

त्यांनी तो हात डाव्या हाताने उचलला आणि मांडीवर ठेवला. "हात नही ऱ्हायना मना," एवढंच म्हणाले. मी ओरडून सांगितलं असतं हो, की भाऊ, तुमचा हात चांगला आहे, माझेच डोळे गेलेत. पण आम्हाला तोंड कुठे असतं?

शीतलने जिनेशला बोलावलं. पोरगा मनापासून झटला. माझी वायर कॉम्प्युटरला मागे लावली, पुढे लावली. वीज देणारा अॅडॉप्टर काढून पुसून बसवला. माझा प्रोग्रॅम काढून नव्याने टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग स्वतः बसला आणि झकास गाडी पळवून दाखवली. मित्रांनो, इथेच घात झाला. तरुण, धडधाकट हात होते ते. मी डावीकडे ओढलं की ते आपसूक उजवीकडे सावरून घ्यायचे. आपण सावरतोय हे त्याला कळलंसुद्धा नाही. जाताना दाराशी तो शीतलला हळूच म्हणाला, "मशीन तर एकदम ठीक आहे, ताई. काकांच्या हातालाच आता जमत नसेल. डॉक्टरांना एकदा विचारा ना."

तो हळू बोलला, पण घर लहान होतं. खाटेवर सुकलालभाऊंनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून ते माझ्यासमोर आले नाहीत. हातावर टॉवेल टाकून बसायला लागले. शीतल बोटं चोळून द्यायला गेली की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे, बेटा." बोटं पुन्हा तळहाताकडे मुडपायला लागली. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत होते, आणि ते मी टेबलावरून नुसते मोजत होतो. दिवाळी चार दिवसांवर आली. इतका जीव लावलेल्या माणसाचं आपल्या हातून वाटोळं होतंय, यासारखं दुःख नाही. कपाटावरची तीन वर्षं त्यापुढे काहीच नव्हती.

धुरपदाबाईंनी मात्र एक नेम सोडला नाही. रोज सकाळी चहा झाला की त्या माझं बटण दाबायच्या. नवरा उठून येईल, तर गाडी तयार पाहिजे, एवढाच त्यांचा हिशोब. मी डावीकडे फिरायचो, उजवीकडे फिरायचो, थांबायचो. त्या बघायच्या, खाटेकडे बघायच्या आणि थोड्या वेळाने बटण बंद करायच्या.

एका रविवारी त्या बटण दाबून तशाच उभ्या राहिल्या. मान एका बाजूला कलती केली. मग हाक मारली, "शीतल, आठे ये."

"काय वं, माय?"

"हाई कुकू मी सिधं काढेल व्हतं ना?"

शीतलने पाहिलं. माझ्या छातीवरचं स्वस्तिक तिरपं उभं होतं.

"काल याना बी जास्त वाकडं व्हतं. परवा दुसरीकडं व्हतं. मी रोज देखस." धुरपदाबाईंचा आवाज चढला. "कोनी हात बी नही लाया, तरी हाई वाकडं ऱ्हास. मंग तुना बाबाना हातना काय दोष?"

शीतल पदवीधर, जिनेश इंजिनिअर, पण जे पडद्यात पाहून कोणालाच दिसलं नाही ते या बाईंना कुंकवात दिसलं. शीतलने बटण बंद केलं, चालू केलं. असं पाच वेळा केलं. पाचही वेळा मी हात न लावता निरनिराळ्या जागी वाकडा थांबलो. उभ्या आयुष्यात वाकडं थांबायचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

खाटेवरून आवाज आला, "सेंटरले येत नही का?"

"नही, बाबा."

"मंग गाडी ओढावच." टॉवेल बाजूला झाला. सुकलालभाऊ भिंत धरत धरत टेबलापाशी आले आणि खुर्चीत बसले. कपाळाला आठ्या होत्या, पण त्या वेगळ्या होत्या. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडताना ड्रायव्हरच्या कपाळाला पडतात तशा. "खोल त्याले."

माझी वायर काढली, मला टेबलावर पालथं घातलं. शीतलने स्क्रूड्रायव्हर आणला. स्क्रू फिरवायला गेलं की मीच गरकन फिरायचो. "धरा, बाबा," ती म्हणाली. त्यांच्या डाव्या हातात मोबाइलची बत्ती होती, कारण आत अंधार आणि बघायचं तर त्यांना स्वतःलाच होतं. "हाऊ आधी. मंग तो कोपरावाला. जोर नको लावू, पेच बिघडी जाई," ते सांगत होते, ती करत होती.

झाकण उघडलं. आधी तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. शीतलने बोट आत घातलं आणि बाहेर काढलं ते लालभडक. चकती पाहिली तर फटी दिसतच नव्हत्या.

"माय," ती हळूच म्हणाली, "हाई कुकू शे."

धुरपदाबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीच करं हाई. मीच. तुम्हना हात मीच बसाडा."

सुकलालभाऊंनी बत्ती तशीच धरून ठेवली. "शीतलनी माय, रडू नको. तीस वरीस तुनं कुकू गाडीले लागनं, तवय मी दरखेपले सुखरूप घर ऊनू. आते त्याले दोष देसू का?"

बाई आणखीच रडायला लागल्या, पण ते रडणं दुसरं होतं. शीतलने शाळेतला रंगाचा कोरडा ब्रश आणला आणि चकतीची एकेक फट फुंकर घालत, झटकत मोकळी केली. मला लख्ख दिसायला लागलं. झाकण बसलं, एकेक स्क्रू बसला.

पण मला त्याआधीच एक गोष्ट कळली होती, जी खोलीत अजून कोणाला ठाऊक नव्हती. डाव्या हातात बत्ती होती. मग मला धरलं होतं कोणी? माझ्या कडेवर चार बोटं वळलेली होती आणि वरून अंगठा दाबलेला होता. जिथे रबर गुळगुळीत झालं आहे, तिथेच. पहिला स्क्रू निघाला तेव्हापासून ती पकड तिथे होती आणि मी तसूभर फिरलो नव्हतो.

शेवटचा स्क्रू घट्ट करताना शीतलची नजर तिकडे गेली. तिने तो स्क्रू पुन्हा सैल केला. पुन्हा घट्ट केला. पुन्हा सैल केला. धुरपदाबाईंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या. दोघी मायलेकी श्वाससुद्धा जपून घेत होत्या.

"आंडेर, कितला फिरावशी तो स्क्रू?" सुकलालभाऊ लेकीवर वैतागले. "मना हात दुखाले लागना."

बोलून झाल्यावर ते थांबले. सावकाश त्यांनी खाली पाहिलं. मधे तो हात हलायला लागला होता, पण चैत्रापासून त्याला कसली जाणीव म्हणून नव्हती, आणि आता तो दुखत होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि हात मला धरून राहिला.

मित्रांनो, तो हात अजून पूर्ण आलेला नाही. सुकलालभाऊ रोज सकाळी माझ्यासमोर बसतात, घाटात थकतात, चिडतात, पुन्हा बसतात. माझी पूजाही होते, फक्त आता आधी माझ्या फटीवर फडकं टाकतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आम्हा यंत्रांना कोरड्या कपड्याने पुसा, धुळीपासून जपा, हे तर कराच. पण आमच्यापाशी बसलेल्या एखाद्या माणसाला काही जमेनासं झालं, तर त्याच्या हाताकडे बोट दाखवायची घाई करू नका. आम्हाला पालथं घाला, उघडा, आत बघा. आम्हाला राग येत नाही. माणूस मात्र एकदा भिंतीकडे तोंड करून झोपला की त्याला परत वळवणं फार कठीण असतं.